निधी सारखाच, मग दोन ग्रामपंचायतींच्या कामात एवढा फरक का? (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक)

मलप्रभाकाठ: शेजारच्या दोन ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा निधी जवळपास सारखाच येतो. एकीकडे नळाला रोज पाणी, दुसरीकडे नवी टाकी बांधून कोरडीच. पैसा कमी पडतो, की खर्च करणारी यंत्रणाच ढिली? कागदावरून ओळखता येतं का?

जमाखर्च: यंत्रणा आधी बघा. ढिल्या पंचायतीत पैसा नुसता गळत नाही, तो भलत्याच कामाकडे वळतो. टाकी, सीसी रोड यांचं बिल मोठं, त्यात टक्का निघतो. मोटर दुरुस्ती, वॉल्व्ह, वॉटरमनचा पगार यात कुणालाच काही सुटत नाही, म्हणून ते रखडतं. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. पण बंधित निधीतूनही टाकीच उभी राहते, गळकी पाइपलाइन तशीच. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवर आपल्या पंचायतीचा खर्च काढा: नवं काम किती, देखभाल किती, मार्चमध्ये किती बिलं निघाली.

मापवही: रस्त्यात पैसा मुरतो तो जाडीत. २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंमी जाड म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट. १० सेंमीच ओतलं तर ६०. लांबी-रुंदी कुणीही टेपने मोजेल, जाडी ओतल्यावर दिसत नाही. आरटीआयखाली इस्टिमेट, एमबीची (कामाची मापं लिहिलेल्या मापवहीची) प्रत आणि २८ दिवसांचा क्यूब टेस्ट (काँक्रीटच्या ताकदीची चाचणी) अहवाल मागा. फी १० रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवा. तीन कामं एकत्र कोंबलीत तर नाकारायला निमित्त मिळतं. कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा, नमुना घेण्याचाही हक्क आहे, तो जरूर वापरा. कागद कन्नडमध्ये आले तरी अडू नका, मापाचे आकडे वाचता येतात की.

मलप्रभाकाठ: हे सगळं ग्रामसभेत विचारलं तर भागेल?

निपाणीकर: नुसत्या सभेने नाही. इंडोनेशियात एका अभ्यासात ६०० हून जास्त गावांत रस्ते खणून नमुने तपासले. सरकारी ऑडिट नक्की होणार असं आधी कळवलेल्या गावांत एकूण खर्चातली सुमारे ८ टक्के गळती थांबली. सभेला माणसं वाढवून सरासरी फरक फारसा पडला नाही. आपल्याकडे वर्षातून एकदा जमाबंदी असते, त्यात दप्तर आणि कामं दोन्ही लोकांसमोर तपासायची असतात. एमबीची प्रत आधीच हातात ठेवा आणि अधिकाऱ्यांना दप्तरावरून उठवून रस्त्यावर न्या. जाडी तिथेच मोजून घ्या, आणि तो आकडा जमाबंदीच्या अहवालात लिहिल्याशिवाय सही होऊ देऊ नका.