मॅग्नोलिया म्हणजे चाफा का?

उंबरठा: एक अडचण आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत घडणारी एक कथा मराठीत आणतेय. घरासमोर मॅग्नोलियाचं थोरलं झाड आहे आणि निम्मी गोष्ट त्याच्याखालीच घडते. पहिल्या खर्ड्यात मी बिनदिक्कत 'चाफा' लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "देवळापाशी असतो तो? उन्हाळ्यात पानं झडून नुसती बोटं उरतात तो?" झालं! कथेतलं झाड बारा महिने हिरवंगार. मग 'चाफा' चालेल का? आणि सोनचाफा मॅग्नोलियात मोडतो का?

रानभूल: मोडतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीअसने १७५३ साली त्याला 'मिशेलिया चंपाका' म्हटलं. पुढे मिशेलिया हा गटच मॅग्नोलियात विलीन झाला, तेव्हापासून 'मॅग्नोलिया चंपाका'. त्यातलं 'चंपाका' आपल्याच संस्कृत 'चंपक'चं. त्याच चंपकाचं मराठीत चाफा झालं, हिंदीत चंपा, कानडीत संपिगे.

आईंच्या डोळ्यांसमोर आला तो पांढरा चाफा, म्हणजे प्लुमेरिया. तो कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा मध्य अमेरिका-कॅरिबियनकडचा. फांदी मोडून बघा, पांढरा चीक येतो. सोनचाफ्याला चीक नाही. त्याच्या कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बुडाशी बांगडीसारखी एक गोल रेघ असते. कोंबाला गुंडाळलेलं आवरण गळून पडल्याची ती खूण, आणि ती या सगळ्या कुळाला असते. फूलही उकलून बघा. खाली हिरवी निदलं आणि वर पाकळ्या अशी वाटणी नाही, सगळ्या पिवळ्या पाकळ्याच. मधोमध एक लहानसा दांडा, त्याच्या बुडाशी पुंकेसर आणि वर स्त्रीकेसर, सगळे मळसूत्रासारखे चढत गेलेले. प्लुमेरियाच्या मोजून पाच पाकळ्या, एकीवर एक मुडपलेल्या.

तिरकस: यात एक गंमत आहे. मॅग्नोलिया हे नाव फ्रान्समधल्या माँपेलिएच्या पिएर मॅन्योल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. ते दिलं शार्ल प्ल्युमिए या दुसऱ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने, १७०३ साली, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या एका झाडाला. आणि प्लुमेरिया हे नाव कोणावरून? याच प्ल्युमिएवरून! तिकडे दोघांची दोन वेगळी झाडं, आणि आपण दोघांनाही 'चाफा' म्हणून मोकळे.

सुईदोरा: आपणच कशाला? लाओसचं राष्ट्रीय फूल 'डोक चंपा' म्हणजेही प्लुमेरिया. नाव सोनचाफ्याचं, फूल भलतंच.

मला वाटतं 'चाफा' हा शब्द झाडाचा नाहीच, नाकाचा आहे. जिथे दाट, गोड, दुरून येणारा वास, तिथे चाफा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला वेल, पिकल्या फळासारखा घमघमतो. (तो निदान मॅग्नोलियाचा लांबचा भाऊबंद तरी आहे.) भुईचाफा हळदीच्या घरचा. नागचाफा आणखी तिसरीकडचा, त्याचं लाकूड लोखंडासारखं कठीण. मात्र 'चाफेकळी नाक' म्हणतो तेव्हा ती कळी सोनचाफ्याचीच: लांबट, निमुळती, टोकाला जरा वळलेली. चंपाकळी हा दागिनाही तिच्यावरूनच.

वसईकर: आमच्याकडे नुसतं 'चाफा' म्हटलं की सोनचाफाच. पहाटे अर्धवट उमललेली फुलं खुडायची, पूर्ण उमललं की पाकळ्या लगेच गळतात. तिथून थेट दादरच्या फूलबाजारात. दुपारपर्यंत कडा तपकिरी पडू लागतात, म्हणून गिऱ्हाईक आधी कडाच बघतं. आजी एक फूल पाण्याने गच्च भरलेल्या बाटलीत बुडवून बूच लावून ठेवायची. वास कोंडलेला, पण रंग बरेच दिवस टिकायचा.

रानभूल: कवठी चाफा राहिलाच! तो खरा मॅग्नोलिया, झुडूपवजा, खाली मान घातलेली मलईसारखी फुलं. वासाला कवठ, म्हणून कवठी.

वसईकर: आगरी बोलीत अंड्याला कवटं म्हणतात. कळी बघा, अगदी अंड्यासारखी. माझं मत तिकडे.

रानभूल: कळी तशी आहे खरी, पण एकदा वास घेतलात की मत बदलाल.

तिरकस: हिंदीत जुना दोहा आहे: चंप्यात रूप, रंग, वास तिन्ही गुण, अवगुण एकच, भुंगा जवळ येत नाही. कवींनी त्यावर बरंच विरहाचं पाणी घातलंय. कारण साधं असावं. हे कूळ इतकं जुनं की मधमाश्या यायच्या आधी घडलं. त्याची भिस्त भुंगेऱ्यांवर, म्हणजे कठीण पंखांच्या किड्यांवर. ते मधासाठी नाही, परागांसाठी येतात आणि फूल कुरतडतातही, म्हणून स्त्रीकेसर चिवट.

सुईदोरा: उंबरठा, तुमच्या कथेतलं झाड बहुतेक मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा. मिसिसिपी आणि लुइझियाना या दोन्ही राज्यांचं ते राज्यफूल. फूल जेवणाच्या ताटलीएवढं, वासात लिंबाची झाक, पान वरून चकचकीत आणि खालून गंजाच्या रंगाची लव. आपल्याकडच्या बागांत त्याला 'हिमचंपा' म्हणतात. पण हिमचंपा लिहिलंत तर वाचक थेट हिमालयात पोचेल.

उंबरठा: म्हणूनच तो शब्द नको. मॅग्नोलियाच ठेवते. पहिल्यांदा येतो तिथे एक मुलगी पान उलटं करून गंजासारखी लव बोटाने घासते, ते मूळ कथेतच आहे. तेवढ्यावर झाड उभं राहील. आईला पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाली, "हां, म्हणजे फणसासारखं जाड पान." आता तिला काय सांगू?