व्हिएतनाम-इंडोनेशियातले सौर प्रकल्प: परताव्याचं गणित कुठे फसतं?

वीजगणित: आग्नेय आशियातल्या सौर प्रकल्पांचं आर्थिक मॉडेल बांधतोय. पॅनेलचे भाव सगळीकडे जवळपास सारखेच. तरी व्हिएतनाममध्ये कागदावरचा परतावा हातात का पडत नाही? आधी काय बघावं: दर, ग्रिड की चलन?

तिसरा_फेज: आधी वीजखरेदी करार. २०१७ साली तिथे युनिटमागे ९.३५ अमेरिकी सेंट दर जाहीर झाला, पण ३० जून २०१९ पर्यंत वीज सुरू झाली तरच. सगळे निन्ह थुआन आणि बिन्ह थुआन या दक्षिणेकडच्या प्रांतांकडे धावले. सौर प्रकल्प वर्षभरात उभा राहतो, उच्चदाब वाहिनीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ग्रिड तुंबलं, निर्मितीत कपात सुरू झाली. 'ईव्हीएन' या तिथल्या सरकारी वीज कंपनीच्या नमुना करारात 'वीज घ्या, नाहीतर पैसे द्या' हे कलमच नव्हतं, त्यामुळे न उचललेल्या विजेचा भुर्दंड विकासकावर.

आकड्यांत बघा. महसूल १००, चालू खर्च १५, हाती ८५. बँकेने १.३० डीएससीआर (हाती उरलेली रक्कम भागिले कर्जाचा हप्ता) धरला तर वार्षिक हप्ता ६५.४. दहा टक्के कपात झाली की महसूल ९०, खर्च तेवढाच, हाती ७५, आणि डीएससीआर १.१५. डीएससीआर १.२० च्या खाली गेला की लाभांश रोखायचा, अशी कर्जाची अट असेल, तर कर्ज फिटत राहतं पण भागधारकाला दमडी मिळत नाही. म्हणून उपकेंद्राची आजची मोकळी क्षमता पुरेशी नाही. त्यावर मंजूर झालेले पण अजून न उभारलेले मेगावॉटही मोजा. हा आकडा बहुतेक मॉडेलांत नसतोच.

हेजवाला: त्यात भांडवलाचा खर्च जोडा. नुसतं उदाहरण: मेगावॉटमागे ७ लाख डॉलर, १८ टक्के क्षमता वापर, म्हणजे वर्षाला साधारण १५.७७ लाख युनिट. २५ वर्षं ८ टक्क्यांनी भांडवलाचा भार युनिटमागे ४.२ सेंट, १२ टक्क्यांनी ५.७. पॅनेल तेच, ऊन तेच.

चलनाबाबत: जुना व्हिएतनामी दर डाँगमध्ये मिळायचा, पण डॉलरशी बांधलेला होता. २०२३ मध्ये रखडलेल्या जमिनीवरच्या सौर प्रकल्पांना लावलेला १,१८४.९ डाँगचा कमाल दर तसा नाही. दोन्हींना एकच सूत्र लावू नका.

वीजगणित: आणि इंडोनेशिया? तिथे तर दर बरे दिसतात.

तिसरा_फेज: तिथलं दुखणं वेगळं. जावा-बालीत कोळशाची क्षमता गरजेपेक्षा जास्त, आणि 'पीएलएन' या सरकारी वीज कंपनीचे कोळसा प्रकल्पांशी असलेले करार 'घ्या नाहीतर द्या' प्रकारचे. शिवाय वीजनिर्मितीच्या कोळशाला टनामागे ७० डॉलरची कमाल मर्यादा, म्हणून तो स्वस्त पडतो. आणि त्या करारांमुळे सौर वीज घेतली तरी कोळशाचे स्थिर पैसे चुकत नाहीत. जावातल्या सिराटा जलाशयावर १९२ मेगावॉटपीकचा (पॅनेलची कमाल क्षमता) तरंगता सौर प्रकल्प झाला, पण त्यात 'पीएलएन'चीच उपकंपनी भागीदार आहे. तुमच्या मॉडेलमधला खासगी विकासक त्या जागी नाही, एवढं लक्षात ठेवा. कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यासाठी श्रीमंत देशांनी इंडोनेशियाला २०२२ मध्ये जाहीर केलेल्या २० अब्ज डॉलरच्या जेईटीपी योजनेचाही फार हिशेब धरू नका. त्यात अनुदान थोडं, कर्जच जास्त.