तीन फेजवाल्या इंजिनाची आयडिया पहिल्यांदा कुणाची? सेमिनारसाठी मदत पाहिजे

मिरज_फलाट:
नमस्कार मंडळी, मी सांगलीत इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरला आहे. पुणे-मिरज लाईनवर वायर आल्यापासून मालगाडीला डब्ल्यूएजी-९ इंजिन दिसायला लागलंय आणि मला त्याचा नादच लागलाय, वरच्या वायरीतून वीज येते सिंगल फेज, चाकांवर मोटरा तीन फेजच्या, आणि मधलं सगळं काम इलेक्ट्रॉनिक्सचं. मग ते नव्हतं तेव्हा हे कुणी केलेलं का? सेमिनारला असा एक जुना लोको डिझाइन करणारा इंजिनिअर घ्यायचाय, नुसता शोध नको, त्याचं अख्खं करिअर पाहिजे.

सातारा_लोको:
भावा, काल्मान कांडो घे, डोळे झाकून. हंगेरीचा, जन्म १८६९, शिकला मेकॅनिकल, थोडे दिवस फ्रान्समधे नोकरी केली आणि १८९४ ला बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात आला. तिथून उत्तर इटलीतली वाल्तेलिना लाईन, १०६ किलोमीटर, १९०२ मधे तीन फेजवर चालू केली, ३००० व्होल्ट, फ्रिक्वेन्सी फक्त १५ च्या आसपास. दोन फेज वरच्या दोन वायरींतून आणि तिसरी रुळातून. आता सांध्यावर दोन वायरी एकमेकींना चिकटू न देता कशा न्यायच्या ते तूच बघ, आणि इंडक्शन मोटर (तिचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला) असल्यामुळं ठरावीकच स्पीड मिळायचे. पण घाट उतरताना तीच मोटर जनरेटर होऊन वीज परत वायरीत टाकायची. म्हणूनच पुढं त्याचं ई ५५० इंजिन जेनोवाजवळच्या जोवी घाटात एवढं चाललं, तिथं चढ हजाराला ३५, आपला बोरघाट ३७ ला १ म्हणजे हजाराला २७.

कृष्णाकाठ:
मुंबई-पुणे घाटातला आपला खेकडा, डब्ल्यूसीजी-१ इंजिन, तो पण कांडोचाच ना? त्याला पण चाकांना जोडणारे दांडे होते.

सातारा_लोको:
नाही ओ दादा, खेकड्याचं डिझाइन स्वित्झर्लंडच्या विंटरथूरचं, आणि तो १५०० व्होल्ट डीसीवरचा. दांडे दोन्हीकडं होते कारण त्या काळी मोठी मोटर वर फ्रेमवर बसवून ताकद दांड्यांनी चाकांना द्यायची पद्धतच होती.
पोरा, खरी गोष्ट पुढं आहे. ई ५५० च्या वेळी कांडो इटलीतच होता, वादो लिगुरेच्या कारखान्यात, आणि पहिल्या महायुद्धात इटली त्याच्या देशाविरुद्ध उतरली, मग परत बुडापेस्टला. तिथं त्यानं एक हट्ट धरला, रेल्वेसाठी वेगळी फ्रिक्वेन्सी आणि वेगळं वीजघर कशाला (वाल्तेलिनाला अड्डा नदीवर वेगळं बांधावं लागलं होतं), गावाला जाते तीच ५० सायकलची (म्हणजे ५० फ्रिक्वेन्सीची) वीज एका वायरीतून द्या. इंजिनातच त्यानं एक फिरतं मशीन बसवलं, फेज कन्व्हर्टर, एका बाजूनं १६ हजार व्होल्ट सिंगल फेज घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं मोटरीला पाहिजे तेवढे फेज द्यायचं. मोटरीचे पोल (आतल्या चुंबकांची टोकं) बदलून चार स्पीड, ताशी २५, ५०, ७५ आणि १०० किलोमीटर. १९२३ ला ट्रायल झाली, पण त्यात सुधारणा करायला त्याची बरीच वर्षं गेली. बुडापेस्ट-हेग्येशहालोम लाईनवर व्ही ४० इंजिनं १९३२ पासून धावली आणि कांडो १९३१ च्या जानेवारीतच गेला. मला हे वाचलं तेव्हा फार लागलं होतं, माणसानं आयुष्य घातलं आणि गाडी धावलेली बघायला नव्हता.

मिरज_फलाट:
काका, म्हणजे आपल्या २५ हजार व्होल्ट, ५० सायकलचा विचार पण तिथूनच आणि डब्ल्यूएजी-९ मधे त्या फिरत्या मशीनच्या जागी इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर-इन्व्हर्टर बसलाय, असं म्हटलं तर चालेल ना? फेज पेक्षा जास्त डोकं मला पोल बदलण्यात गेलंय, एकाच मोटरीत चार स्पीड.

सातारा_लोको:
चालेल, पण एक बघ, इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी हवी तशी बदलतो, कांडोकडं ५० कायमची, म्हणून तर पोल बदलायला लागले. २ गुणिले ५० भागिले पोल म्हणजे सेकंदाला फेरे, हे पाटीवर लिहून दाखव, सगळ्यांना लगेच कळेल.

मिरज_फलाट:
समजलं. डायग्रॅम काढून रविवारी इथंच टाकतो, वायरी चुकल्या असतील तर सांगा.