मदत हवी आहे: पहाटेचा भैरव साडेअकराला!

मंडळी, जुन्या बाजारातून 30 जीबीचा आयपॉड व्हिडिओ घेतला. 2005 चं मॉडेल, बॅटरी तेवढी बदलली. आयट्यून्सची कटकट नको म्हणून त्यावर रॉकबॉक्स (अॅपलच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) टाकलं. सकाळी 6 ला पर्वती चढताना भैरव राग लावतो. मग आयपॉड कॉम्प्युटरला जोडला की एक छोटा प्रोग्रॅम ऐकलेल्याची यादी लास्ट.एफएमवर, म्हणजे कोणी काय कधी ऐकलं याची नोंद ठेवणाऱ्या साइटवर, पाठवतो.

आता गंमत बघा. रात्री पाठवली तर भैरव 11:30 ला ऐकल्याची नोंद. घरी आल्याआल्या, 7:30 ला पाठवली, तर नोंदच नाही! आयपॉडचं घड्याळ दोनदा तपासलं, बरोबर आहे. आमच्या गाण्याच्या गुरुजींनी हे पाहिलं तर शिकवणी बंद.

तंबोरावाला: आयपॉडवर 'स्क्रॉबलर.लॉग' नावाची फाइल असेल, लपलेली. नोटपॅडमध्ये उघडा. वर 'टीझेड अननोन', म्हणजे टाइम झोन माहीत नाही, असं दिसतंय?

पर्वतीकर: हो. खाली प्रत्येक गाण्यापुढे एल किंवा एस आणि दहा आकडी संख्या.

तंबोरावाला: तिथंच पाणी मुरतंय. ती संख्या म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद. रॉकबॉक्सला टाइम झोन कळत नाही, ते पुण्याचं घड्याळ जसंच्या तसं उतरवतं. प्रोग्रॅम ती ग्रीनिचची वेळ धरतो, आणि साइट दाखवताना वर साडेपाच तास चढवते. 7:30 ला पाठवलीत तर साइटच्या हिशेबानं भैरव अजून वाजायचाच आहे, मग नोंद घेणार कशी? प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये +5:30 द्या. ती सोय नसेल तर प्रत्येक संख्येतून 19800 वजा करा. आयपॉडचं घड्याळ मागे करू नका राव, उद्या त्यावरच बस पकडायला जाल. आणि दोन आठवड्यांपेक्षा जुन्या नोंदी साइट घेत नाही, तेव्हा साठवून ठेवू नका.

पेठकरी: एल-एसचं राहिलं. निम्मं तरी ऐकलं तर एल, नाहीतर एस. एस पाठवलं जात नाही.

पर्वतीकर: अरेच्चा! 40 मिनिटांचा ख्याल वर पोचल्यावर पंधराव्या मिनिटाला बंद करतो मी.

पेठकरी: मग एसचा एल करा हातानं. साइटचा नियम निम्मं किंवा 4 मिनिटं, आधी होईल ते. त्यात लबाडी नाही.

पर्वतीकर: 19800 वजा केले. भैरव 6:04 ला! परवा संध्याकाळचा मारवा मात्र आधीच पाठवलेला, तो रात्री 12:20 चाच राहिलाय. गुरुजींना प्रोफाइल दाखवत नाही, झालं.