घट बसले की रोप टाकायचं, हे गणित फ्लॉवरला चालतं का?

पस्तीस_गुंठे | १८ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. आधी रान सांगते, मग रडगाणं.

तालुका खेड, जिल्हा पुणे. पस्तीस गुंठे, काळी भारी जमीन. कालव्याचं पाणी आमच्या शिवाराला नाही, विहीर आहे, ती होळीच्या सुमारास तळ दाखवते. आमचे हे चाकणला कंपनीत पाळ्यांवर असतात, त्यामुळे शेतात मी आणि सासूबाई. लावणीला बायका गावातल्याच चार-पाच, त्यांनाही आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. माल गुरुवारच्या बाजारात मी स्वतः बसून विकते.

सासूबाईंचं एक गणित पक्कं आहे: घट बसले की रोप टाकायचं, म्हणजे रोपासाठी वाफ्यात बी पेरायचं. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. गेल्या साली, म्हणजे २०२४ ला, घट बसले ३ ऑक्टोबरला. त्याच दिवशी गादीवाफ्यावर फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, सगळं एका दमात टाकलं. रोप असं आलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण लावायची वेळ आली तर दिवाळी. बायका कुणी माहेरी, कुणी भावाकडे. ऑक्टोबरच्या पावसानं रानाचा नुसता चिखल, वाफसा येईना (रान कामाजोगं सुकेना), ट्रॅक्टरवाला येऊन बघून परत गेला. वाफसा आला तेव्हा निवडणूक, २० नोव्हेंबरला मतदान, त्या गडबडीत कामाला माणूस मिळेना. कशीबशी लावण झाली १८ नोव्हेंबरला. मोजा, शेहेचाळीस दिवसांचं रोप. खोडं पेन्सिलीसारखी.

फ्लॉवरचं झाड वीतभर झालं नाही तोच गड्डा धरला. लिंबाएवढा. बाजारात एका बाईंनी विचारलं, "मशरूम कसे दिले?" तिथं हसले, घरी येऊन पोटभर रडले. कोबी बरा आला, पण सगळा एकाच आठवड्यात. मेथी तीन गुंठे एकाच दिवशी पेरलेली, एका गुरुवारी जुड्यांचा ढीग घेऊन गेले आणि निम्मा परत आणला. शेळ्या खूश.

यंदा घट २२ सप्टेंबरला आहेत. पाऊस मे महिन्यातच सुरू झालाय, रान अजून सुकलेलं नाही. मनात आहे ते असं: फ्लॉवर-कोबी मिळून आठ-नऊ गुंठे, गावठी कांदा दहा गुंठे, वाटाणा, थोडा लसूण, पालेभाज्या. टोमॅटो यंदा नको, सुतळी-बांबूचा खर्च डोक्यावर नको.

घटालाच टाकू का रोप? सासूबाई म्हणतात गणित बरोबर आहे, तुझा हातच वाईट.

उघडीप | १८ ऑगस्ट

ताई, हाताचा दोष नंतर बघू. फ्लॉवरचं पाकीट जपून ठेवलंय का? जात लवकर येणारी होती की थंडीची?

पस्तीस_गुंठे | १८ ऑगस्ट

पाकीट आहे. कंदिलाच्या खुंटीला अडकवलंय, अपमान विसरू नये म्हणून. दुकानदार म्हणाला होता, "साठ दिवसांत माल". मला वाटलं, लवकर येतं म्हणजे चांगलंच.

रोपवाला_नारायणगाव | १९ ऑगस्ट

ताई, मी ट्रेमधली रोपं करतो, त्यामुळे अशी लिंबं बरीच बघितली आहेत. तुमच्याकडे दोन चुका एकावर एक बसल्या.

फ्लॉवरची प्रत्येक जात थंडी-उन्हाचं आपलं माप घेऊन येते. लवकर येणारी जात उबेत गड्डा धरणारी. तिला नोव्हेंबरच्या गारव्यात लावली की तिला वाटतं आपली वेळ झाली, पाला वाढायच्या आत ती गड्ड्यावर येते. उलट थंडीची जात ऑगस्ट-सप्टेंबरात लावली तर नुसती पानंच पानं, गड्ड्याचा पत्ता नाही. म्हणून पाकिटावरचे दिवस बघण्याआधी ती कोणत्या महिन्याच्या लावणीची आहे ते विचारा. दुसरी चूक रोपाच्या वयाची. फ्लॉवर-कोबीचं रोप ट्रेमध्ये २५ दिवसांच्या आसपास, गादीवाफ्यावर चार आठवड्यांचं, एवढंच. थोरलं झालेलं रोप रानात गेलं की वाढायचं सोडून म्हातारं होतं.

आता घटांचं. मी कॅलेंडर घेऊन बसलो होतो. घट बसतात आश्विन शुद्ध प्रतिपदेला. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. म्हणजे मध्ये बरोबर एक महिना. वर्ष कुठलंही घ्या, घटाला टाकलेलं फ्लॉवरचं रोप लक्ष्मीपूजनालाच लावणीला येणार! यंदाही २२ सप्टेंबरला टाकलंत तर वसुबारस ते भाऊबीज या आठवड्यात ते दारात उभं राहील, आणि तुमच्या बायका माहेरी.

शिवाय तिथीनं सण सरकतात. २०२३ ला अधिक श्रावण होता, घट १५ ऑक्टोबरला. २०२४ ला ३ ऑक्टोबर. यंदा २२ सप्टेंबर. तीन वर्षांत तेवीस दिवसांचा फरक. फ्लॉवरला तेवीस दिवस म्हणजे जात बदलायची वेळ. त्यापेक्षा पावसाची नक्षत्रं बरी, ती सूर्यावर चालतात. हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास, चित्रा १० ऑक्टोबर, स्वाती २४ ऑक्टोबर. वर्षाला फार तर एका दिवसाचा फरक.

तारीख शेवटाकडून धरा. लावणीला माणसं कधी आहेत? भाऊबीज २३ ऑक्टोबरला, म्हणजे माणसं २७ पासून मोकळी. तिथून २७ दिवस मागे या: ३० सप्टेंबर. हा झाला एक टप्पा. त्याआधीचा टप्पा दसऱ्याच्या पुढेमागे लावायचा असेल तर रोप ५ सप्टेंबरला पडलं पाहिजे.

आणि रान. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रोप वेळेवर तयार करणारे खूप भेटतात, रान वेळेवर तयार करणारे कमी. काळ्या रानात परतीचा पाऊस पडल्यावर नांगर घालायचं स्वप्नच बघू नये. आत्ता ऑगस्ट-सप्टेंबरात चार दिवस उघडीप मिळाली की शेणखत टाकून सऱ्या-वरंबे पाडून ठेवा. गवत उगवेल, उगवू दे, लावणीआधी खुरपं फिरवा. हस्ताचा पाऊस कितीही झोडपून गेला तरी सरीतलं पाणी वाहून जातं आणि वरंब्याचा माथा आधी सुकतो. ट्रॅक्टर जाऊ शकत नाही तिथं बाई रोप लावू शकते. लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी, पण ओल असेल तर तेही टाळा.

रोपांचा हिशेब: ६० बाय ४५ सेंटिमीटरला गुंठ्याला ३७० रोपं. तीन गुंठ्यांना अकराशे. १०४ खान्यांचे अकरा ट्रे, तूट धरून बारा.

उघडीप | १९ ऑगस्ट

रोपवाले दादांनी सगळंच सांगितलं. एक भर घालतो. कोबी-फ्लॉवरला चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, अळी पानाची चाळण करते. २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी पेरा, एक लावणीच्या पंधरा दिवस आधी, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर जातो. फवारायची वेळ आली तर मोहरीवरच फवारा. आणि गादीवाफ्यावर रोप करणार असाल तर या ओलीत रोपं कोलमडतील, वाफा वीतभर उंच करा, शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) कालवून घाला, पाणी सकाळी द्या. संध्याकाळी नको.

पस्तीस_गुंठे | १९ ऑगस्ट

रोपवाले दादा, तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. लक्ष्मीपूजनाच्या वाक्याला त्या दोन मिनिटं गप्प होत्या, जे घरात सहसा घडत नाही. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी बरोबर यायचं." आता त्यांचं खोटं म्हणावं तर चाळीस वर्षं त्यांनीच हे रान कसलंय.

निफाडचा_म्हातारा | २० ऑगस्ट

सूनबाई, सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी फ्लॉवर होता कुठं शेतात? रोप म्हणजे कांद्याचं, वांग्याचं, मिरचीचं. कांद्याचं रोप पन्नास दिवस घेतं, मिरची-वांगी सहा आठवडे. घटाला टाकलेलं रोप दिवाळी उरकून, माणसं परत आल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लावायला येतं. गणित बरोबर होतं, पीक बदललं. आमची आईही तसंच करायची.

आता तुझ्या कांद्याकडे येतो, कारण तिथं मला धोका दिसतो. गावठी, म्हणजे उन्हाळ कांद्याचं बी ऑक्टोबरात पडतं, लावण डिसेंबरात, काढणी मार्चअखेर ते एप्रिल. काढणीआधी पंधरा दिवस पाणी तोडलं तरी मार्च निम्मा होईपर्यंत पाणी हवं. तुझी विहीर होळीला बसते आणि पुढची होळी मार्चच्या सुरुवातीलाच आहे. ऐन कांदा पोसायच्या वेळी पाणी तुटलं तर चिंगळीच, म्हणजे बारीक कांदाच, हाती येईल. दहा गुंठे गावठी करू नकोस.

त्याऐवजी रांगडा कर, म्हणजे खरीप आणि रब्बीच्या मधला कांदा. बी आत्ता, या आठवड्यात टाक. ४५ दिवसांत, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोप लावणीला, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कांदा घरात. विहिरीला तोवर पाणी असतं. फक्त रांगडा साठवायचा मोह धरू नको, तो टिकत नाही, निघेल तसा विकायचा. तू बाजारात बसतेस, तुला ते जमेल. भाव काय असेल ते मी सांगणार नाही, पन्नास वर्षांत एकदाही बरोबर सांगता आलेलं नाही.

बी मात्र रांगड्याचंच घे. उन्हाळचं बी आधी लावलं की डेंगळे (फुलांचे दांडे) येतात आणि जोडकांदा निघतो. भीमा शक्ती रांगड्यालाही चालते, रब्बीलाही. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय तुझ्याच तालुक्यात आहे, आम्ही इथून विचारायला जातो! एकराला तीन ते चार किलो बी लागतं, म्हणजे सात गुंठ्यांना पाऊण किलो पुरे. घरच्यापुरता गावठी तीन गुंठे ठेव, तो वर्षभर खायला.

वर्ध्याची_सून | २० ऑगस्ट

ताई, वाटाण्याची घाई करू नका. ऑक्टोबरच्या उन्हात पेरला तर वाढ खुंटते, फुलं गळतात. रात्री पांघरूण लागायला लागलं की पेरा.

पालेभाजी पेरताना गुरुवार धरून मागं या. मेथी महिन्याभरात येते. सांबार (तुमच्याकडची कोथिंबीर, मी लग्नानंतर पुण्याला गेले तेव्हा भाजीवाल्यानं सांबार मागितल्यावर डाळीचं पाकीट दाखवलं होतं) उगवायलाच आठ-दहा दिवस घेतो आणि चाळीस दिवसांवर जातो. म्हणजे दोन्हींची जुडी एका गुरुवारी हवी तर सांबार मेथीच्या आधी दहा-बारा दिवस. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. आणि दर आठवड्याला अर्धा गुंठाच.

पस्तीस_गुंठे | २२ ऑगस्ट

कांद्याचं बी आणलं. काल दुपारी ऊन पडलं तेवढ्यात वाफे उचलून घेतले, आज सकाळी बोटभर अंतरानं ओळी ओढून पाऊण किलो टाकलं. सासूबाईंनी स्वतः टाकलं, माझ्या हाताची खात्री नाही म्हणून.

बाकीचं असं ठरवलंय. कुणाला खोट दिसली तर सांगा.

भाद्रपदी पोळ्याच्या आगेमागे उघडीप मिळाली की नऊ गुंठ्यांवर सऱ्या पाडून ठेवणार, ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं आहे, तो हसला, "कशाला, पीक तर नाही." फ्लॉवर ३ गुंठे, लवकरच्या जातीचा, रोप ५ सप्टेंबर, लावण दसऱ्याला किंवा दुसऱ्या दिवशी. पुढचे ३ गुंठे मधल्या हंगामाची जात, ट्रे ३० सप्टेंबरला, लावण २७ ऑक्टोबर. कोबी ३ गुंठे त्याच खेपेत, पण त्यातला दीड गुंठा आठवडाभर मागे. मोहरी सांगितली तशी. लसूण एक गुंठा ऑक्टोबरअखेर, पाकळ्या सहा किलो. वाटाणा दिवाळीनंतर, पांघरूण निघेल तेव्हा. गावठी कांद्याचे तीन गुंठे घरच्यासाठी, बी दसरा झाल्यावर.

पालेभाजीचा कागद भिंतीवर लावलाय, गुरुवारांच्या तारखांसकट. त्यावर यांनी त्यांच्या रात्रपाळ्या लाल पेनानं लिहिल्यात, म्हणजे पाणी धरायला कोण आहे ते कळतं.

एक राहिलंच. घटाच्या दिवशी काय टाकायचं, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, वांगी आणि मिरची, परड्यापुरती. त्यांनी लगेच मागच्या वर्षीचं वाळवलेलं वांगं काढून ठेवलं.

निफाडचा_म्हातारा | २२ ऑगस्ट

ओळीत बी टाकलं ते बरं केलं. सूनबाई, रोपावर पिवळी टोकं दिसली की लगेच फोटो टाक, युरियाची मूठ उचलू नको.