शिक्का ठीक, पण झिलई बघा

जपानी लस्टरच्या (धातूसारखी चमक असलेल्या चिनी मातीच्या) बाहुलीच्या तळाशी नुसतं 'जपान' आहे म्हणजे ती अलीकडची, असं वर कुणीतरी लिहिलंय. तसं नाही हो! अमेरिकेने १९२१ मध्ये आयात मालावर 'निप्पॉन' (जपानचंच जपानी नाव) बंद करून 'जपान' लिहायला लावलं, आणि लस्टरचा खरा बहर त्यानंतरचाच. 'ऑक्युपाइड जपान' (म्हणजे व्याप्त जपान) असेल तर माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, साधारण १९५२ पर्यंतचा.

माझं लक्ष आधी झिलईकडे जातं. ती लस्टरची चमक म्हणजे ग्लेझवर (मातीवरच्या काचेसारख्या लेपावर) पुन्हा भाजून चढवलेला धातूचा अतिपातळ थर. बाहुली उजेडात तिरकी धरा. नाक, गुडघे, टोपीची कड इथे तो घासून पांढरं दिसतं. तसं असेल तर बिनधास्त भाव पाडून मागा. आणि डिशवॉशर नकोच. काहींचे काळे डोळे न भाजलेल्या रंगाचे असतात, ओल्या फडक्यालाही निघून येतात.