क्रुकेड हाउस पुन्हा बांधावे का?

धागालेखक: इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये, हिमली गावाजवळचा 'क्रुकेड हाउस' हा पब ऑगस्ट २०२३ मध्ये आगीत जळाला आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या भिंतीही पाडण्यात आल्या. १७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधलेली ही लाल विटांची वास्तू खालचा कोळसा उपसला गेल्याने एका बाजूला सुमारे चार फूट खचली होती. आतल्या टेबलावर ठेवलेली गोटी चढावर घरंगळताना दिसे. स्थानिक कौन्सिलने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती पूर्ववत बांधण्याची नोटीस मालकांना बजावली. मला हा आदेश पूर्णपणे योग्य वाटतो, कारण पाडून टाकले की प्रश्न मिटतो असा पायंडा पडल्यास संरक्षित यादीत नसलेली एकही जुनी वास्तू सुरक्षित राहणार नाही.

प्रतिसाद १: पायंड्याची काळजी रास्त आहे, परंतु त्यासाठी दंड आहे. या वास्तूचे मोल तिच्या आराखड्यात नव्हते. जमीन हळूहळू खचत असताना भिंती, चौकटी आणि फरशी यांनी जो ताण सोसला, त्यात ते होते. ओळंबा लावून मोजूनमापून वाकडी बांधलेली नवी भिंत हा केवळ देखावा ठरेल, आणि इतिहासाच्या नावाने देखावा उभारणे मला पटत नाही.

प्रतिसाद २: असहमत. लंडनमधील कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये विनापरवाना पाडला गेला, तेव्हा दंडावर न थांबता तो होता तसा बांधण्याचा आदेश निघाला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. आज तिथे लोक बसतात. दंडाच्या रकमेने ते घडले नसते.

प्रतिसाद १: कार्लटन टॅव्हर्न सरळ उभा होता आणि पाडण्यापूर्वी त्याची तपशीलवार नोंद झालेली होती. ती तुलना इथे लागू पडत नाही.

धागालेखक: नोंदींचा मुद्दा मान्य, देखाव्याचा नाही. विसाव्या शतकात ही वास्तू धोकादायक ठरली, तेव्हा ती सरळ करता आली असती किंवा पाडता आली असती; त्याऐवजी टेकू आणि लोखंडी तुळया देऊन तिचा कल मुद्दाम जपला गेला. म्हणजे आपण पाहिलेला वाकडेपणा त्या काळापासूनच माणसांनी निवडलेला होता, आणि तीच निवड पुन्हा करण्यात मला कोणतीही फसवणूक दिसत नाही.

प्रतिसाद १: जुने टिकवणे आणि नवे जुन्यासारखे बनवणे यांतला फरक मी सोडणार नाही. मात्र ढिगाऱ्यातून वाचलेल्या मूळ विटाच वापरल्या जाणार असतील, तर माझा विरोध बराच कमी होईल.